बँकॉकमध्ये दोघं, एक दिवस आणि सोळा बाटची बोट

हेडफोन लावा, कारण आज मध्ये एक आवाज ऐकवणार आहे आणि तो नीट ऐकायचाय.

आजचा एपिसोड तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मागितलेला. मेसेज साधारण एकाच छापाचे होते. "दादा, पट्टाया-फुकेत सगळे सांगतात, तू नुसतं बँकॉक सांग. आणि दोघांसाठी सांग, ग्रुपसाठी नको." काहींनी तर थेट विचारलं, "दोघांना दिवसाला किती लागतात?" तर आज तेच करू. फेब्रुवारी २०२५ मधला आमचा एक गुरुवार, सकाळपासून रात्रीपर्यंत. आम्ही चार दिवस होतो, पण बाकीचे तीन दिवस मॉल आणि मसाज यात गेले, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. गुरुवार हा नदीचा दिवस होता.

त्याआधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिकिटं आम्ही ऑक्टोबरमध्ये सेल लागला तेव्हा काढली होती. स्वस्तातली, म्हणजे पैसे परत न मिळणारी. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, समोर एचआर, एक मॅनेजर, आणि संध्याकाळी लॅपटॉप लॉक. आयटीतल्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही.

मग प्रश्न आला, जायचं का? हॉटेल कॅन्सल करता येत होतं, तिकिटं नाही. माझं म्हणणं, आता खर्च नको. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात क्लिनिकला जाते, घर आता तिच्या पगारावर चालणार होतं. म्हणजे 'नको' म्हणायचा हक्क तिचा होता. ती म्हणाली, "तू चार दिवस घरी बसून लिंक्डइन रिफ्रेश करणार. त्याचाही खर्च असतो, फक्त तो बिलात दिसत नाही." झालं, निघालो. कराडला घरी मात्र काहीच सांगितलेलं नव्हतं. अण्णा एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्यांच्या डोक्यात नोकरी म्हणजे एकदा लागली की अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटणारी गोष्ट. माझा बेत होता की दुसरी मिळाली की दोन्ही बातम्या एकदम द्यायच्या.

तर, शहराकडे येऊ.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की बँकॉकला तिथले लोक बँकॉक म्हणत नाहीत. क्रुंग थेप म्हणतात. क्रुंग म्हणजे नगर आणि थेप म्हणजे आपलं 'देव'. देवनगरी. आणि हे छोटं नाव झालं. पूर्ण नाव जगातल्या सगळ्यात लांब गावांच्या नावांपैकी एक आहे. ते हळू ऐकलंत तर अर्ध कळतं. त्यात महानगर येतं, रत्न येतं, महेंद्र येतो, अयोध्या येते, नवरत्न येतं, राजधानी येते. शेवटी तर असा अर्थ निघतो की इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने बांधलेली नगरी. उच्चार थाई जिभेचे, त्यामुळे पहिल्यांदा पत्ता लागत नाही. पण एकदा कान लागला की दिवसभर हाच खेळ होतो. 'सवादी' हा त्यांचा नमस्कार आपल्या 'स्वस्ति'वरून आलाय. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि आत भलंमोठं समुद्रमंथन उभं केलंय. मेट्रोच्या एका स्टेशनचं नाव अशोक.

ही राजधानी १७८२ मध्ये वसवली पहिल्या रामाने. तिथल्या सध्याच्या घराण्याच्या राजांना क्रमांकाने राम म्हणतात, आत्ताचा दहावा. त्याआधीची मोठी राजधानी अयुथया, म्हणजे परत आपली अयोध्याच. ती १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. मग पंधरा वर्षं राजधानी चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला होती आणि मग समोरच्या पूर्व काठावर आली. म्हणून जुनं जे काही बघायचंय ते नदीच्या दोन्ही अंगांना एकमेकांसमोर आहे. राजवाडा, वाट पो, फुलबाजार या काठावर, वाट अरुण त्या काठावर. 'वाट' म्हणजे देऊळ, रस्ता नाही. (हसू) बायको पहिल्या दिवशी म्हणाली, इथे सगळ्या वाटा देवळातच जातात.

माझं मत स्पष्ट आहे. बँकॉकमध्ये एकच दिवस असेल तर टॅक्सी करू नका. ट्रॅफिक आपल्या हिंजवडीची आठवण करून देतं. नदी धरा.

आम्ही सिलोमच्या बाजूला राहत होतो. सकाळी साडेसातला बीटीएसने, म्हणजे वरून जाणाऱ्या मेट्रोने, सफान ताक्सिन स्टेशनला उतरलो. जिना उतरलं की समोर सातोर्नचा धक्का. तिथे पोचलात की गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं तुम्हाला टुरिस्ट बोटीकडे वळवतात. ती बोट वाईट नाही, पण महाग. बाजूला एक साधी रांग असते, ऑफिसला जाणाऱ्यांची, शाळेच्या पोरांची. तिथे नारंगी झेंड्याची बोट येते. कुठेही उतरा, आम्ही गेलो तेव्हा भाडं सरसकट सोळा बाट होतं. एक बाट म्हणजे तेव्हा ढोबळ अडीच रुपये होते. चाळीस रुपयांत अर्ध शहर पाण्यावरून दिसलं. बोट धक्क्याला लागते ना लागते तोच मागे उभा असलेला माणूस शिट्ट्या मारून चालकाला सांगतो, अजून जवळ, अजून, थांब. लोक उड्या मारून चढतात. भिक्खूंसाठी उभं राहायला जागा राखून ठेवलेली असते, तिथे जाऊ नका. बायकांनी तर भिक्खूंना चुकूनही स्पर्श होणार नाही असं उभं राहायचं असतं.

आणि आता तो आवाज. ऐका.

(बोटीच्या इंजिनचा आवाज. त्यावर धातूची खट्-खट्, खट्-खट्.)

ऐकलंत? बोटीत कंडक्टर बाई फिरतात. त्यांच्या हातात धातूची लांब नळी असते, मधोमध उघडणारी. तिच्यात नाणी आणि तिकिटांच्या गुंडाळ्या. तिकीट कोणी काढायचं राहिलंय हे विचारत नाहीत, नुसती नळी खट्-खट् वाजवत येतात. तुमच्यातल्या ज्यांनी मशीन यायच्या आधीची एसटी बघितलीये, त्यांना कळलं असेल मला काय झालं ते. पत्र्याची तिकिटांची पेटी, रंगीबेरंगी तिकिटं, आणि दांड्यावर वाजणारा तिकिटाचा पंच. आमच्या घरी तो पंच खुंटीला असायचा.

मी फोन काढला, वीस सेकंद रेकॉर्ड केलं आणि अण्णांना पाठवलं. "ओळखा कशाचा आवाज." बास. बायकोने बघितलं, काही बोलली नाही.

था चांगच्या धक्क्याला उतरलो. इथून राजवाडा चालत पाच-सात मिनिटं. या पाच मिनिटांत तुम्हाला एक सभ्य गृहस्थ भेटणार. आम्हाला दोन भेटले. इस्त्रीचा शर्ट, छान इंग्रजी. "राजवाडा आज एक वाजेपर्यंत बंद आहे, पूजा चालू आहे. तोपर्यंत मी तुम्हाला दुसरी देवळं दाखवतो, टुकटुक अगदी स्वस्त." टुकटुक म्हणजे तिथली रिक्षा. ती देवळाहून निघते आणि रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबते, तिथे चालकाला कमिशन असतं. हा प्रकार इतका जुना आहे की वाड्याबाहेर त्याबद्दल सूचना लावलेल्या आहेत. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनपर्यंत तिकीट देतात. बंद आहे की नाही ते फक्त गेटवर ठरतं, हे लक्षात ठेवा.

कपड्यांचं सांगतो, कारण गेटवर लोक परत फिरताना बघितले. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नुसती ओढणी खांद्यावर टाकली तर अडवतात, लेगिंग्जही चालत नाहीत. बायकोने साधा सुती कुर्ता आणि सैल सलवार घातली होती, तिला कोणी काही विचारलं नाही. पोरांनो, हाफ पँट हॉटेलवर.

तिकीट एकाला पाचशे बाट. दोघांचे हजार, म्हणजे अडीच हजार रुपये. थाई माणसाला फुकट. यावर रांगेत कोणीतरी हिंदीत कुरकुरत होतं. मला त्यात काही गैर वाटत नाही, आपणही ताजमहालला परदेशी माणसाकडून कितीतरी पट घेतो. उलट थायलंड बिमस्टेकमध्ये असल्यामुळे ताजला थाई पाहुण्याला सवलत मिळते. आपल्याला इथे मिळत नाही, एवढीच काय ती तक्रार. पण खिडकीसमोर उभं राहिल्यावर अडीच हजार हा आकडा मला दिसायला लागला. नोकरी नसताना प्रत्येक आकड्याचं भाषांतर होतं ना? आठवड्याचा किराणा, महिन्याचं दूध. मी म्हटलं, "तू जाऊन ये. मी बाहेर बसतो, फोटो दाखव मला." तिने कार्ड पुढे केलं आणि म्हणाली, "दोन." खिडकीतल्या बाईंना, मला नाही.

आत वाट फ्रा केओ, पाचूच्या बुद्धाचं देऊळ. मूर्ती पाचूची नाहीच खरं तर, हिरव्या दगडाची आहे, जेमतेम ६६ सेंटिमीटर, आणि इतक्या उंचावर बसवलेली की मान वर करूनही छोटीच दिसते. ऋतू बदलला की वर्षातून तीनदा तिचे कपडे बदलतात आणि ते राजा बदलतो. आत फोटो नाही. बसताना पाय मागे दुमडून, तळवे मूर्तीकडे नकोत.

पण मी सांगेन, तिथे पाच मिनिटं थांबा आणि बाहेरच्या ओवऱ्यांत या. गर्दी सगळी सोनेरी स्तूपासमोर सेल्फी घेत असते, आणि बाजूच्या भिंतींवर पूर्ण रामायण रंगवलंय. त्यांचं रामाकियेन. १७८ चित्रं, एकाला लागून एक, सोन्याचा वर्ख लावलेली. पहिल्या रामाने हे महाकाव्य थाईत लिहवून घेतलं आणि देवळाभोवती काढून घेतलं. रावणाला ते तोत्सकान म्हणतात, म्हणजे दशकंठ. लक्ष्मण म्हणजे फ्रा लाक. सीता म्हणजे नांग सिदा.

आणि मारुती! अहो, मारुती पांढराशुभ्र, आणि अट्टल रसिक. आम्ही कराडकडचे. समर्थांचे अकरा मारुती आमच्या आजूबाजूला, मसूर, उंब्रज, चाफळ. ब्रह्मचारी, बलोपासना, शनिवारचा उपास. इथे सेतू बांधायचं काम चाललंय आणि दगड रोज गायब होतायत. हनुमान पाण्यात उतरतो, तर रावणाची मुलगी, सुवर्णमच्छा नावाची जलपरी, दगड पळवतीये. हा तिला पकडायला जातो आणि प्रेमात पडतो. त्यांना मुलगाही होतो, मच्छानु. आपल्याकडे मकरध्वज आहे, पण तिथे घामाचा थेंब मासळीने गिळला असं सांगून विषय मिटवलाय. थाई लोकांनी मिटवला नाही. बायको त्या भिंतीसमोर हसत सुटली. म्हणाली, "हे आपल्या तालमीत सांगू नकोस, उद्या शनिवारी नारळ फोडायला कोणी येणार नाही." दीड तास आम्ही त्या ओवरीत होतो. सावली होती, पंखा नव्हता, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा मी तासभर फोन बघितला नव्हता.

बघितला तेव्हा अण्णांचे तीन व्हॉइस मेसेज होते. पहिला, "पंच वाजतोय. कुठली गाडी हाय ही?" दुसरा, "इंजिन लेलँडचं न्हाई. एवढं खरखरत न्हाई." तिसरा, "पाण्याचा आवाज येतोय मागं. फेरी बोट हाय का रं?"

साडेअकराला ऊन असं लागतं की विचारू नका. फेब्रुवारी त्यांच्याकडे बऱ्यापैकी थंड महिन्यांत मोडतो, तरी. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. अकरा ते तीन उघड्यावर चालायचं नाही, हा नियम करा आणि त्यानुसार दिवस लावा. आम्ही एसी दुकानात शिरलो. सँडविच गरम करून देतात, ते दोन घेतले. पाकिटावर तारीख बघायची मला सवय, तर वर्ष लिहिलेलं २५६८. मी चक्रावलो, हा कोणता बग? तर त्यांचं बुद्ध संवत इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे आहे. २०२५ म्हणजे २५६८. तारखांचं कोड लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द देतो, तो पाठ करा: 'मांगसाविरात'. उच्चारावर जाऊ नका, तो मांस-विरती आहे. मांसापासून विरत. दुसरा शब्द 'जे', पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेलं दुकान. तिथे कांदा-लसूणही नसतो, जैन मित्रांना सोयीचं. नुसतं 'व्हेज' म्हणालात तर भाजी येते, पण माशाच्या सॉससकट. 'माय साय नाम प्ला' म्हणा, माशाचा सॉस घालू नका.

मग वाट पो. राजवाड्यातून चालत दहा-पंधरा मिनिटं. तिकीट तीनशे बाट, पाण्याची बाटली त्यातच. इथे निद्रिस्त बुद्ध आहे, ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. खांबांमधून एका वेळी तुकडा-तुकडाच दिसतो. तळपायांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ शुभचिन्हं. मागच्या बाजूला १०८ धातूची भांडी ओळीने ठेवलीयेत, लोक एकेकात नाणं टाकत जातात आणि सगळा हॉल त्या किणकिणाटाने भरलेला असतो. लोक बुद्ध बघून निघून जातात. तुम्ही जाऊ नका.

कारण बाहेर अंगणात छोट्या दगडी टेकड्यांवर ऋषी बसलेत. ऋषीच, थाईतही 'रुसी' म्हणतात. जटा, दाढी, आणि प्रत्येकजण काहीतरी वेगळा ताण देतोय. एक मान वळवतोय, एक पाय खांद्यावर घेतोय, एक दोघांत मिळून पाठ ताणतोय. तिसऱ्या रामाच्या काळात या मूर्ती करून घेतल्या आणि कोणत्या दुखण्यावर कोणता ताण, याच्या कविता कोरून घेतल्या. थोड्याच मूर्ती आता उरल्यात. मंडपांमध्ये संगमरवरी फलक आहेत, माणसाचा देह आणि त्यावर रेषा. त्या रेषांची नावं इथा, पिंगखला, सुमना. ओळखा बरं. इडा, पिंगळा, सुषुम्ना! वाट पोचे हे कोरीव लेख युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत आहेत. आणि थाई मसाजवाले ज्याला आद्य गुरू मानतात तो जीवक, बुद्धाचा वैद्य, आपल्या राजगृहाचा.

आता विचार करा, सोबत फिजिओथेरपिस्ट. मला वाटलं होतं वाट पोला पाऊण तास, आम्ही अडीच तास होतो. ती एकेका ऋषीसमोर उभी राहून तपासत होती. "हा बरोबर करतोय. हा ट्रॅपेझियसचा आहे, तुम्हा आयटीवाल्यांचा. याचा गुडघा जाणार." मग एका पारावर बसलो आणि तिने मला तो मानेचा प्रकार करायला लावला. मान वळवलेली असतानाच म्हणाली, "मी महिनाभर बघतीये, तू रात्री झोपेत दात आवळतोस. नोकरीमुळे नाही. ती जाऊन महिना झाला, ते तुझं स्वीकारून झालंय. तू रोज संध्याकाळी अण्णांना 'हो, ऑफिसमधूनच बोलतोय' म्हणतोस ना, त्याने." मी म्हटलं, दुसरी मिळाली की सांगणारच आहे. ती म्हणाली, "ठीक. पण मग मी पण खोटं बोलतीये, आईंशी, रोज. ते माझ्याकडून आता होणार नाही." चिडून नाही, पेशंटला सांगतात तसं. मान सोड म्हणाली, दुसऱ्या बाजूने कर.

तिथून था तियेनचा धक्का दोन मिनिटांवर. पाच बाट दिले की फेरी पलीकडे वाट अरुणला सोडते. अरुण म्हणजे आपलाच, पहाटेचा. लांबून हे देऊळ राखाडी दगडाचं वाटतं. जवळ गेलं की कळतं, पूर्ण शिखरावर चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे लावलेत. चिनी जहाजं तळाशी वजन म्हणून असली भांडी आणायची असं सांगतात, फुटकं-तुटकं इथे फुलं होऊन बसलं. वर कोनाड्यात ऐरावतावर बसलेला इंद्र. तिकीट दोनशे. थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणारी जोडपी इतकी असतात की चालायला जागा नाही. पायऱ्या उभ्या आहेत, उतरताना कठडा धरा.

आणि आता खरी टीप. सूर्यास्ताला वाट अरुणमध्ये थांबू नका, परत या काठावर या. देऊळ पश्चिमेला आहे, सूर्य त्याच्या मागे जातो. या काठावरचे गच्चीवरचे कॅफे त्याच देखाव्याचे भरपूर पैसे घेतात. था तियेनच्या धक्क्याला लागून एक बाग आहे, नाखराफिरोम. नगर आणि अभिराम. फुकट. आम्ही साडेपाचला तिथे बसलो. तिकडे साडेपाच म्हणजे आपल्याकडे चार, कराडला चहाची वेळ. मी फोन लावला.

अण्णा म्हणाले, "बोट हाय. सूनबाईंनी फोटो पाठवला मला, नळीचा." म्हणजे हिने पाठवला होता, मला माहीत नाही. मी म्हटलं, अण्णा, एक सांगायचंय. माझी नोकरी गेली. जानेवारीत.

थोडा वेळ काही नाही. मग, "गेली म्हंजी? सस्पेंड केलं का काढलं?"

"काढलं."

"चार्जशीट दिली?"

"आमच्यात चार्जशीट नसते अण्णा. बऱ्याच जणांना काढलं, एकदम."

"चौकशी न्हाई, चार्जशीट न्हाई, आन् काढत्यात? युनियन?"

"नाही."

"मग एवढं बीटेक करून केलं काय रं तुम्ही लोकांनी?"

मला हसू आलं आणि बोलता येईना. ते म्हणाले, "संपात पाच महिने बिनपगारी काढले मी. त्यातलं कोणाला सांगितलं आन् कोणाला न्हाई, ते तुझ्या आईला विचार." मग आई आली. तिचा एकच प्रश्न, "सूनबाईला आधीपासून माहीत होतं?" हो म्हटलं. "मग बरं," म्हणाली. आणि फोन परत अण्णांकडे. त्यांचा आवाज आता वेगळाच. "सोळा सरसकट? टप्पे न्हाईत? मग हिशोब सोपा हाय त्यांचा. त्या बाईंना विचार, ड्युटी किती तासांची असती."

त्यानंतर वाट अरुणचे दिवे लागले. छान दिसतं. फोटो गुगलवर आहेत.

संध्याकाळ पटकन सांगतो. बागेतून पंधरा-वीस मिनिटं चालत पाक ख्लोंग तलात, चोवीस तास चालणारा फुलबाजार. झेंडूचे ढीग, मोगऱ्याचे गजऱ्यासारखे हार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत शिरल्यासारखा वास. बायकोने एक हार घेतला, तो तिथे देवाला वाहतात, तिने केसात माळला. विकणारी म्हातारी आधी बघत राहिली आणि मग हसली. तिथून सनाम चाय स्टेशन जवळ आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं, आतून एखाद्या दरबारासारखं सजवलेलं, ते स्टेशनसुद्धा बघण्यासारखं आहे. काळ्या प्लास्टिकचं टोकन घ्या, दोन स्टेशनं पुढे वाट मांगकोन, म्हणजे चायनाटाउन, याओवारात. धूर, निऑन, गर्दी. आंबा आणि चिकट भात, वर नारळाचं दूध, एक प्लेट दोघांत घेतली. दुसरी घेतली. बाकी मला ती गर्दी झेपली नाही, दिवसभर चालून पाय गेले होते. ज्यांना खाण्यासाठीच जायचंय त्यांनी दुपारी झोप काढून तिथे रात्री आठला जा.

आता हिशोब, कारण तुम्ही तेवढ्यासाठी थांबलाय. दोघांचे मिळून: राजवाडा हजार, वाट पो सहाशे, वाट अरुण चारशे. दोन हजार बाट, तेव्हाचे ढोबळ पाच हजार रुपये, नुसती तिकिटं. नदीवरचा प्रवास, सकाळची बोट बत्तीस आणि फेरी जाऊन-येऊन वीस, बावन्न बाट. म्हणजे शहर बघायला जे लागतं ते फार नाही, आत शिरायला लागतं. पैसे तंग असतील तर वाट अरुण बाहेरूनच बघा, राजवाडा आणि वाट पो सोडू नका. राजवाडाही झेपत नसेल तर फक्त वाट पो आणि दिवसभर बोट. दर बदलत असतात, जायच्या आधी एकदा बघून घ्या, व्हिसाचे नियमही.

अजून एक, बरेच जण विचारतील म्हणून. नोकरी एप्रिलमध्ये मिळाली, पगार आधीपेक्षा थोडा कमी.

आणि अण्णांचा प्रश्न अजून बाकी आहे. बँकॉकला राहणारं कोणी ऐकत असेल, थाई येत असेल, तर त्या नारंगी बोटीवरच्या कंडक्टर बाईंना विचारून मला मेसेज करा: ड्युटी किती तासांची असते, आणि दिवसाला फेऱ्या किती. ते दर रविवारी विचारतात.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.